पस्तीस कोटी युरोंचं फावडं

शेअर बाजारात पूर्वी एक सोय होती. कंपनी काय करते हे घरबसल्या कळायचं. साबण न्हाणीघरात, स्कूटर अंगणात, बिस्किटं डब्यात. पीटर लिंच या अमेरिकन फंड मॅनेजरने १९८९ साली पुस्तक लिहून या सोयीला शास्त्राचा दर्जा दिला. जे आपल्या ओळखीचं आहे, रोज डोळ्यांसमोर आहे, तिथून गुंतवणुकीचा शोध सुरू करा, असं त्याचं म्हणणं. मग कंपनीचे ताळेबंद वाचा, हेही त्याने बजावलं होतं. पण उपदेशाचा दुसरा भाग सहसा समुद्र ओलांडत नाही. आमच्या कट्ट्यावर पहिल्या भागाच्या जोरावर काही जणांनी सासुरवाडीच्या स्वयंपाकघरात बसून संशोधन केलेलं आहे.

सेमिकंडक्टरने ही सोय काढून घेतली. चिप मोबाइलच्या पोटात असते, ती दिसत नाही. ती बनवणारा कारखाना तैवानमध्ये, तिथे आपल्याला कोणी आत घेत नाही. आणि आता तर जाणकार त्याच्याही मागे जायला सांगतात. चिपवाल्यांचं सोडा, म्हणतात, चिप बनवायची यंत्रं पुरवणाऱ्यांना धरा. का? तर सोन्याच्या खाणीकडे धावलेले बुडाले, फावडी विकणारे गब्बर झाले.

हे फावड्याचं वाक्य म्हटल्याशिवाय या धंद्यातला शेअर घेताच येत नसावा. दाखला असतो १८४८ नंतरच्या कॅलिफोर्नियाचा. पण त्या फावडेवाल्याचं पुढे काय झालं, हे आजवर एकानेही सांगितलेलं नाही. त्याचं नाव सॅम ब्रॅनन. सोनं सापडल्याची कुणकुण लागल्यावर त्याने आधी दुकानात माल भरला आणि मग सोन्याच्या कणांची बाटली नाचवत, आरडाओरडा करत तो सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवरून फिरला. कॅलिफोर्नियाचा पहिला दशलक्षाधीश म्हणून त्याचंच नाव घेतात. पुढे जमिनीचे सट्टे, दारू आणि घटस्फोट यांनी मिळून तो पैसा खाल्ला, आणि १८८९ साली तो जवळजवळ कफल्लक अवस्थेत गेला. फावड्याच्या सिद्धांताचा हा मूळपुरुष. तरी उदाहरण म्हणून तो खपतो, कारण उदाहरण देणारा माणूस नायकाच्या मरणापर्यंत थांबत नाही.

तर आपलं फावडं. ते बनतं नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हन शहराला चिकटलेल्या वेल्डहोव्हन गावी. कंपनी एएसएमएल. फिलिप्स आणि एएसएम इंटरनॅशनल यांनी १९८४ साली ती भागीदारीत काढली आणि फिलिप्सच्या इमारतीशेजारच्या एका गळक्या शेडमध्ये तिचा संसार मांडून दिला. आज अत्याधुनिक चिपवर प्रकाशाने आकृत्या उमटवणारं ईयूव्ही यंत्र व्यापारी प्रमाणावर विकणारी जगात ही एकच कंपनी आहे. एकच. निकॉन आणि कॅनन हे एकेकाळचे या क्षेत्रातले दादा. ते या वाटेच्या तोंडाशीच थांबले.

यंत्राचं काम असं चालतं. वितळलेल्या कथलाचे थेंब सोडायचे, सेकंदाला पन्नास हजार. हो, तेच कथील, ज्याची कल्हई आजीच्या पितळी पातेल्यांना लागायची. थेंब केसाहून बारीक. तो उडत असतानाच त्याला लेसरचे दोन तडाखे द्यायचे, पहिला चपटा करायला आणि दुसरा पेटवायला. त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. हा प्रकाश अत्यंत नाजूक प्रकृतीचा. हवेत टिकत नाही, काचेतून जात नाही. म्हणून सगळा कारभार निर्वातात, आणि भिंगांऐवजी आरसे. आरसे जर्मनीच्या झाइस कंपनीचे. एक आरसा ताणून जर्मनीएवढा केला तर त्यावरचा सर्वांत मोठा उंचवटा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाही भरणार नाही, असं सांगतात. एवढं करूनही प्रत्येक आरसा तीसेक टक्के प्रकाश गिळतोच. दहा आरशांनंतर उरतात जेमतेम तीन टक्के, आणि त्या उरल्यासुरल्या उजेडावर जगातली सगळी कृत्रिम बुद्धिमत्ता अवलंबून आहे. या यंत्राचा नवा, मोठा अवतार सुमारे पस्तीस कोटी युरोंना पडतो. पहिला २०२३ च्या डिसेंबरात इंटेलकडे अमेरिकेत रवाना झाला, अडीचशे खोक्यांतून.

हे ऐकून माणूस भारावतो आणि तिथेच घोटाळा होतो. भारावलेला माणूस भाव विचारत नाही. यंत्र अचाट आहे, कबूल. पण आपण यंत्र घेत नाही आहोत, शेअर घेतोय. लेसर थेंबाला बरोबर लागतो म्हणून शेअरचा भावही बरोबर लागलेला असतो, असं नाही. या कंपनीवरचे लेख वाचा: ऐंशी टक्के जागा कथलाच्या थेंबांना, पंधरा टक्के आरशांना, आणि शेवटच्या चार ओळींत ‘दीर्घ मुदतीसाठी आकर्षक’. मधलं गणित कुठे गेलं? त्या जर्मनीएवढ्या आरशावर ते दिसत नाही खरं.

आमच्या कट्ट्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक स्नेही आहेत. कर्जाचे अर्ज तपासण्यात त्यांची हयात गेली. थेंब, लेसर, जर्मनी, कशाने ते हलले नाहीत. त्यांनी विचारलं, “गिऱ्हाइकं किती?”

ईयूव्हीची मोठी गिऱ्हाइकं टीएसएमसी, सॅमसंग, इंटेल, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन.

“पाच? पाच गिऱ्हाइकांच्या जिवावर चालणाऱ्या धंद्याला मी कॅश क्रेडिट दिलं नसतं.”

अहो, पण त्या पाचांनाही दुसरा दुकानदार नाही!

बँकवाले यावर बराच वेळ गप्प राहिले. कोणी कोणाला घाबरायचं, असा पेच होता. मक्तेदारी म्हणजे दुकानदाराची चैन, असं आपण शाळेत शिकलो. पण पाचच गिऱ्हाइकं असली की तीही एक प्रकारे मक्तेदारच होतात. त्यात या मक्तेदाराचेही मक्तेदार आहेत. झाइसशिवाय आरसा नाही, ट्रुम्फशिवाय लेसर नाही. झाइसच्या संबंधित कंपनीत एएसएमएलने २०१६ साली २४.९ टक्के हिस्सा घेतला, तो काही हौस म्हणून नव्हे.

गिऱ्हाइकांनीही एकदा तेच केलं होतं. ईयूव्हीची तारीख वर्षानुवर्षं पुढे ढकलली जात होती. प्रकाश पुरेसा प्रखर होत नव्हता, पैसा मात्र भरपूर जळत होता. २०१२ साली इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग या तिघांनी मिळून कंपनीचा २३ टक्के हिस्सा घेतला, शेअरला साधारण ४० युरो देऊन. शिवाय संशोधनासाठी वेगळे पैसे मोजले. हे ऐकून बँकवाल्यांचा चेहरा पडला. “गिऱ्हाईकच भागीदार? मग भावात घासाघीस कोण करतं?” या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्याच अहवालात सापडलेलं नाही, पण ‘संबंधित पक्षांचे व्यवहार’ या मथळ्याखाली ते असणार, अशी त्यांची खात्री आहे.

आता मूल्यमापनातला सर्वांत करमणुकीचा भाग: ऑर्डर बुक. यंत्र बनवायला महिनोन्‌महिने लागतात, त्यामुळे यंदाची विक्री म्हणजे मागच्या ऑर्डरी, आणि यंदाच्या ऑर्डरी म्हणजे पुढची विक्री. मंगल कार्यालयाच्या मालकाची किंमत आज हॉलमध्ये किती पानं उठली यावर ठरत नाही, पुढच्या मुहूर्तांच्या किती तारखा गेल्या यावर ठरते. तसंच हे. फरक इतकाच, की इथे एका तारखेला कोट्यवधी युरो अडकलेले असतात आणि वधूपक्ष पाचच.

२०२४ च्या ऑक्टोबरात काय झालं बघा. तिमाही निकाल १६ तारखेला यायचे होते. नॅनोमीटरची चूक खपवून न घेणाऱ्या या कंपनीच्या संकेतस्थळावर ते तांत्रिक गडबडीने १५ तारखेलाच झळकले. जागेच्या अचूकतेत जगात पहिला नंबर, तारखेत एक दिवस चूक. निकालात होतं काय, तर नव्या ऑर्डरी २.६ अब्ज युरोंच्या. विश्लेषकांनी धरल्या होत्या त्याच्या निम्म्याहूनही कमी. शेअर एका दिवसात सोळा टक्के कोसळला. त्याच वर्षी जुलैत हजार युरोंना शिवून आलेला शेअर सातशेच्या खाली. तीन महिन्यांनी पुढच्या तिमाहीचे आकडे आले: ऑर्डरी ७.१ अब्ज. सगळे आनंदले. तीन महिन्यांपूर्वी कंपनीचं युग संपलं असं लिहिणाऱ्यांनी नव्या युगाची चाहूल लागल्याचं लिहिलं, लेखात फोटो तोच.

या सगळ्याला कंपनीही कंटाळली असावी. २०२६ पासून तिमाही ऑर्डरींचा आकडा आम्ही देणार नाही, असं तिने जाहीर केलं. ऑर्डरी चढउताराच्या असतात, त्यावरून धंद्याचा अंदाज चुकतो, हे कारण. कारण खरंच आहे. पण बँकवाल्यांच्या मते, जो माणूस पासबुक दाखवायचं थांबवतो त्याच्याकडे पैसे असले तरी विचारून घ्यावं.

हा धंदा चक्राचा आहे, हे फावडेवाल्या मंडळींना सांगितलं की ती म्हणतात, ते जुनं, आता एआय आलंय. जुनं म्हणजे किती? २००७ साली कंपनीची विक्री ३.८ अब्ज युरो होती. २००९ साली ती १.६ अब्ज झाली आणि वर्ष तोट्यात गेलं. चिपवाल्याची मागणी दहा टक्क्यांनी घटली की तो चिपा दहा टक्के कमी बनवतो, पण नवं यंत्र शंभर टक्के रद्द करतो. म्हणजे सोनं शोधणाऱ्याला पडसं झालं की फावडेवाल्याला न्यूमोनिया. २००० साली इंटरनेटच्या तेजीच्या शिखरावर ज्यांनी हा शेअर घेतला, त्यांना आपले मुद्दलाचे पैसे परत दिसायला दशकाहून अधिक काळ थांबावं लागलं. त्या काळात कंपनी एकेक अचाट यंत्र बनवत होती. कंपनी बरोबर होती, तंत्रज्ञान बरोबर होतं, भविष्यकाळाचा अंदाजही बरोबर होता. फक्त भाव चुकला होता.

आणि मग मंत्रीमहोदय. हे यंत्र परदेशी पाठवायला डच सरकारचा परवाना लागतो. चीनला ईयूव्ही यंत्र आजवर एकही गेलेलं नाही. त्यामुळे चीनने जुन्या पद्धतीची यंत्रं इतकी उचलली, की २०२४ च्या पहिल्या तिमाहीत यंत्रविक्रीतला ४९ टक्के वाटा एकट्या चीनचा होता. म्हणजे ज्याला माल द्यायचा नाही असं ठरलंय, तोच त्या तिमाहीतलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. पुढचा नियम हेगमध्ये ठरणार, त्याचा मसुदा वॉशिंग्टनमध्ये, आणि परिणाम आपल्या मोबाइलमधल्या हिरव्या-लाल आकड्यावर. बेंजामिन ग्रॅहॅमने गुंतवणुकीवर एवढे जाडजूड ग्रंथ लिहिले, पण व्यापारमंत्र्याचं पीई गुणोत्तर कसं काढायचं ते सांगितलं नाही.

पीईचं म्हणाल तर भागाकार सोपा आहे: शेअरचा भाव भागिले शेअरमागचा नफा. २०२४ साली कंपनीने शेअरमागे १९ युरोंच्या वर थोडा नफा कमावला. जुलैतल्या हजाराला १९ ने भागा. बावन्न. म्हणजे नफा आहे तिथेच राहिला तर पैसे वसूल व्हायला बावन्न वर्षं. कट्ट्यावरचं सरासरी वय लक्षात घेता हा आकडा वाचून कोणीच काही बोललं नाही.

अर्थात नफा आहे तिथेच राहील असं कोण म्हणतं? मग एक्सेल उघडायचं. पुढच्या वर्षांच्या पैशांची आजची किंमत काढायची. नफा वर्षाला चार टक्क्यांनी कायम वाढेल असं धरलं आणि अपेक्षित परतावा आठ टक्के धरला, तर कंपनीची किंमत पुढच्या नफ्याच्या पंचवीस पट निघते. आठच्या जागी नऊ टाका, वीस पट. एका चौकोनात एक आकडा बदलला आणि पाचवा हिस्सा कंपनी गायब. वेल्डहोव्हनमध्ये एक स्क्रूसुद्धा हललेला नसतो. हे माहीत असल्यामुळे विश्लेषक आधी उत्तर ठरवतात आणि मग त्या चौकोनात शोभेल असा आकडा भरतात. आम्ही गणिताच्या पेपरात उत्तरसूची बघून हेच करायचो, पण तेव्हा त्याला पगार नव्हता.

कंपनी स्वतः काय सांगते? तर २०३० साली विक्री ४४ ते ६० अब्ज युरोंच्या दरम्यान असेल. या दोन आकड्यांत सोळा अब्जांचं अंतर आहे. कॅलिफोर्नियाच्या लॅम रिसर्चसारख्या, याच धंद्यातल्या एका अख्ख्या मोठ्या कंपनीची २०२४ सालची विक्री त्या अंतरात बसते. नॅनोमीटरमध्ये काम करणाऱ्यांना भविष्यकाळ मात्र मैलांत मोजावा लागतो, यात मला त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. जो विश्लेषक २०३० सालचा नफा दशांश चिन्हाच्या पुढे दोन आकड्यांपर्यंत देतो, त्याची मला जास्त काळजी वाटते.

भारतीय गुंतवणूकदाराची कथा याहून सूक्ष्म आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. कट्ट्यावर ही मर्यादा सगळ्यांना तोंडपाठ आहे, ओलांडायची वेळ कोणावर आलेली नाही. न्यूयॉर्कच्या बाजारातला एक अख्खा शेअर घ्यायचा तर पन्नास हजारांच्या वर रुपये लागतात, म्हणून ॲपवाल्यांनी शेअरचे तुकडे विकायची सोय केली. आमच्यातल्या एकाकडे ०.०७ शेअर आहे. तो पूर्वी नुसता ‘डच कंपनी’ म्हणायचा, हल्ली ‘आमची कंपनी’ म्हणतो. लाभांश आला की आधी डच सरकार पंधरा टक्के कापून घेतं. मग आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा, शेड्यूल एफए. आपलं आर्थिक वर्ष मार्चला संपतं, पण हा तक्ता डिसेंबरअखेरचा मागतात. वर्षात कमाल किंमत किती, अखेरीस किती, डॉलरचा दर कुठला. ०.०७ शेअरसाठी सीएने जी फी लावली, तिच्यात उरलेल्या ०.९३ पैकी बरंचसं आलं असतं.

ज्यांना एवढी दगदग नको, त्यांना मुंबईचा बाजार आहेच. इथे नावात ‘सेमिकंडक्टर’ असलं की पुरतं. अशा एका चिमुकल्या कंपनीचा शेअर एवढ्यात इतक्या हजार टक्क्यांनी वर गेला, की आम्ही अजून चिप बनवायला घेतलेली नाही असा खुलासा बिचाऱ्या कंपनीलाच करावा लागला. खुलाशावर कोणी विश्वास ठेवला नाही. तिथे निदान कथलाचे थेंब समजून घ्यायची सक्ती नव्हती.

पण मला सर्वांत मौज वाटते ती वेगळ्याच यादीची. या कंपनीला आतून-बाहेरून ओळखणारे कोण कोण होते, आणि त्यांनी शेअरचं काय केलं? एएसएम इंटरनॅशनल, म्हणजे जन्मदात्यांपैकी एक: पैशांची ओढाताण झाली, १९८८ साली बाहेर. फिलिप्स, दुसरी जन्मदाती: १९९५ ला कंपनी शेअर बाजारात आल्यावर टप्प्याटप्प्याने सगळं विकलं. टीएसएमसी, म्हणजे यंत्राचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक, ज्यांना यंत्र काय करतं आणि आपल्याला किती हवी आहेत हे जगात सर्वांत आधी कळत होतं: २०१५ साली नफा घेऊन मोकळे. इंटेल आणि सॅमसंग यांनीही कालांतराने विकलेच. २०१२ च्या त्या ४० युरोंचे पुढे हजार झाले तेव्हा तिघांपैकी कोणाकडेही ते शेअर नव्हते. हे सगळे लोक थेंब मोजू शकणारे होते. आणि आपण पोह्यांची प्लेट हातात घेऊन ठरवतो, की तंत्रज्ञान नीट समजून घेतलं की भाव कळेल.

माझा एक भाचा याच वेल्डहोव्हनमध्ये नोकरी करतो. कट्ट्याने मला गळ घातली, त्याला विचारा. तो फोनवर म्हणाला, “मामा, आतली माहिती सांगितली तर नोकरी जाईल. आणि खरं सांगू? मला आतलं काही माहीतच नाही. मी एका झडपेवर काम करतो. ती झडप बाकी यंत्राला काय देते, ते शेजारच्या बिल्डिंगमधल्यांना माहीत.”

पण तुला कंपनीकडून शेअर मिळत असतील ना?

“मिळतात. मिळाले की विकतो.”

कट्ट्यावर फोन स्पीकरवर होता. शांतता पसरली. त्याने कारणही सांगितलं. पगार या कंपनीचा, बायकोची नोकरी या कंपनीला माल पुरवणाऱ्यांकडे, मुलाच्या वर्गातली निम्मी पोरं या कंपनीतल्यांची. वर बचतही तिथेच ठेवायची म्हणजे फार झालं. म्हणून शेअर विकून आलेले पैसे त्याने आइंडहोव्हनमध्ये घर घ्यायला वापरले. तिथे घरं मिळतच नाहीत. कंपनी वाढली, माणसं आली, भाव कडाडले. कंपनी देश सोडून जाईल या धास्तीने डच सरकारने २०२४ साली त्या भागातली घरं, रस्ते आणि शिक्षण यांसाठी अडीच अब्ज युरोंची योजना काढली.

“म्हणजे कंपनी बुडाली तर घराचा भावही बुडणार की रे,” मी म्हटलं.

“तेवढं माझ्या लक्षात आलं नव्हतं, मामा,” भाचा म्हणाला, आणि झडपेची मीटिंग आहे म्हणून त्याने फोन ठेवला.

बँकवाल्यांनी तोवर खिशातून पेन काढलं होतं. पोह्यांच्या कागदाची कोरडी बाजू वर करत त्यांनी विचारलं, “तसंच घर भाड्याने दिलं तर तिकडे महिन्याला किती येईल? बघू तरी किती पीईने घेतलंय ते.”